७० टक्के बॉल म्हणजे नेमकं काय?

जुलैत मालवण-वेंगुर्ल्याकडे दोन गोष्टी एकदम बंद असतात, यांत्रिक मासेमारी आणि युरोपातल्या फुटबॉल लीग. १ जूनपासून बोटी वर ओढून झाकलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, आणि मोठे क्लब अमेरिकेत नाहीतर आशियात मैत्रीपूर्ण सामने खेळत फिरत असतात. या सामन्यांना गुण नाहीत. करंडक असलाच तर शोभेचा. पण वाद घालायला याच्याइतका चांगला मोसम दुसरा नाही. अमेरिकेतला सामना आपल्याकडे बऱ्याचदा पहाटे लागतो. तो अर्धवट झोपेत बघितलेली पोरं सकाळी चहाच्या टपरीवर जमतात आणि पावसाची सर थांबेपर्यंत एकच गजाल चालते: आपल्या टीमने बॉल ठेवून खेळावं की सरळ पुढे जावं?

एक पार्टी म्हणते, बॉल आपल्याकडे असला तर समोरचा गोल मारणार कसा? दुसऱ्या पार्टीत बहुतेक वेळा एखादा जुना फॉरवर्ड असतो. तो विचारतो, "बॉल घेवन काय लोणचा घालूचा आसा? गोल खंय तो दाखय!" ऐकायला दोघांचंही पटतं. पण दोघे ज्या आकड्यावरून भांडतात, तो टीव्हीवर येणारा पझेशनचा, म्हणजे बॉल कुणाकडे किती टक्के होता याचा आकडा, दोघांना वाटतं तेवढं काही सांगत नाही.

आधी तो मोजतात कसा ते बघू. बहुतेकांची समजूत अशी की कुणीतरी घड्याळ लावून बसतो आणि बॉल ज्याच्या पायात तितका वेळ त्याच्या नावावर टाकतो. तशी पद्धत होती आणि काही ठिकाणी आहेही. पण ऑप्टासारखी आकडेवारी पुरवणारी मोठी कंपनी सरळ पास मोजत आली आहे. एका टीमने ६०० पास मारले आणि दुसरीने २००, तर पहिलीचं पझेशन ७५ टक्के. सोपा हिशेब आहे, पण त्यात एक गोम आहे. विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, बॉल घेऊन दोघांना चकवत कॉर्नरपर्यंत दहा सेकंद धावला तर हिशेबात जेमतेम एक पास जमा होतो. तेवढ्या वेळात दोन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, आपल्याच अर्ध्यात एकमेकांना निवांत चार पास देतात. आकडा दुसऱ्यांचा फुगतो, प्रेक्षक उभे राहतात पहिल्यासाठी. २०२२च्या वर्ल्डकपला फिफाने आणखी एक प्रकार केला. पझेशनचे दोनऐवजी तीन भाग दाखवले: एक या टीमचा, एक त्या टीमचा आणि एक कुणाचाच नाही, झटापटीतला. ते मला जास्त प्रामाणिक वाटलं, कारण फुटबॉलमध्ये बराच वेळ बॉल खरंच कुणाचा नसतो.

आता स्पेनकडे बघा. टपरीवर हे नाव निघाल्याशिवाय वाद पुरा होत नाही. २०१०मध्ये स्पेनने वर्ल्डकप जिंकला तो सात सामन्यांत आठ गोल मारून. इतक्या कमी गोलांत जगज्जेता झालेला दुसरा संघ नाही. पहिला सामना तर स्वित्झर्लंडशी ०-१ हरले होते. नॉकआउटचे चारही सामने १-० असे जिंकले, म्हणजे त्या चार सामन्यांत त्यांच्यावर एकही गोल झाला नाही. लोक त्या टीमला आक्रमक फुटबॉलचा कळस म्हणतात. मला ती त्या स्पर्धेतली सर्वांत सावध टीम वाटते. बॉल आपल्याकडे ठेवून त्यांनी समोरच्याला नुसतं पळवलं आणि स्वतः दम खाल्ला. पझेशन हा बचावही असू शकतो, ही गोष्ट पहिल्या पार्टीला पटते, पण तो आक्रमण नाही हे ती सोयीने विसरते.

त्याच स्पेनने २०१८मध्ये रशियाविरुद्ध हजाराहून जास्त पास मारले. सामना १-१ राहिला आणि पेनल्टीवर स्पेन बाहेर पडला. २०२२मध्ये मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजाराच्या वर पास, १२० मिनिटांत ०-० आणि शूटआउटमध्ये स्पेनची एकही पेनल्टी आत गेली नाही. इथे जुना फॉरवर्ड मांडीवर थाप मारतो. बरोबरच आहे. पण हरण्याचं कारण जास्त पास हे नव्हतं. ते पास पडले कुठे आणि किती सावकाश पडले, हे बघायला हवं.

मोठ्या सामन्याचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. चार बचावपटूंनी ६८ मीटर वाटून घ्यायचे म्हटलं तर एकेकाच्या वाट्याला १७ मीटर येतात. एवढं कुणालाच राखता येत नाही. म्हणून ते मध्यभागी गोळा होतात, बाजू मोकळ्या सोडतात आणि बॉल जिकडे जाईल तिकडे चौघंही एकत्र सरकतात. त्यांच्या पुढे मिडफिल्डची, म्हणजे मधल्या फळीची, आणखी एक रांग तशीच सरकत असते. बॉल ठेवणाऱ्या टीमला या सरकण्यात फट पाडायची असते. डावीकडून उजवीकडे बॉल पटापट फिरला तर चौघांपैकी एखादा पाऊलभर मागे राहतो आणि बॅक (कडेचा बचावपटू) व स्टॉपरच्या मध्ये वाट उघडते. बॉल रांगत फिरला तर चौघं चालत चालत जागेवर पोचतात. लेफ्ट बॅककडून स्टॉपर, दुसरा स्टॉपर, राइट बॅक आणि पुन्हा उलट, असा इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बॉल फिरायला लागला की समजावं, टीमला आत शिरायला जमत नाहीये. पासांचा आकडा मात्र याच वेळी सर्वांत वेगाने वाढतो.

म्हणूनच युरोपात गवत बारीक कापतात आणि सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात, बॉल सरसर जावा म्हणून. आपल्याकडे जुलैत पाणी मारायची गरज नाही, वरूनच येतं, आणि तांबड्या चिखलात डबकी साचली की चार मीटरचा पासही मध्येच अडकतो. अशा मैदानावर पोरांना "खालून बनवून खेळा" सांगणाऱ्या कोचला एकदा तरी स्वतः त्या डबक्यात उभं करायला हवं. तिथे उंच आणि लांब मारणं यात काही अडाणीपणा नाही. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते तेव्हा तीच पोरं सुंदर पासिंग करतात. स्टाइल माणसाच्या डोक्यात असते त्याहून जास्त पायाखाली असते.

पासिंगची खरी गंमत बघायची तर त्या ओल्या वाळूवरच बघावी. चौघं बाहेर चौकोनात, दोघं मध्ये बॉल काढायला. हा खेळ मुलं कुणी न शिकवता खेळतात. बार्सिलोनात कोच योहान क्रायफच्या काळापासून तो रोजच्या सरावाचा भाग आहे आणि त्याला रोंडो म्हणतात. नीट बघा. बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्या अंगावर मधला धावतो, पण हुशार मधला सरळ धावत नाही. तो असा वळसा घेऊन येतो की त्याच्या पाठीमागे असलेल्या खेळाडूकडे पास जाऊच शकत नाही. म्हणजे एका धावेत त्याने दोघांना अडवलं. आता बॉलवाला काय करतो? तो बाजूच्याला देतो आणि बाजूचा एकाच टचमध्ये त्या झाकलेल्या खेळाडूला देतो. थेट जो मिळत नव्हता तो तिसऱ्याच्या पायावरून मिळाला.

हेच पूर्ण मैदानावर मांडू. आपल्या स्टॉपरच्या पायात बॉल आहे. समोरचा फॉरवर्ड त्याच्याकडे येतोय, पण आपला मधला हाफ, म्हणजे बचावापुढचा मिडफिल्डर, त्याच्या पाठीमागे झाकला जाईल असा कोन धरून. स्टॉपर लगेच पास देत नाही. बॉलवर तळवा ठेवून उभा राहतो. कोच रॉबर्टो डी झेर्बीच्या ब्रायटनने २०२२-२३मध्ये हे इतकं केलं की बघणाऱ्यांचा जीव वर-खाली व्हायचा. टपरीवरचा शब्द यासाठी "टाइमपास" असा आहे. पण तो स्टॉपर वाट बघत असतो ती समोरच्याने आणखी दोन पावलं पुढे यावं याची. फॉरवर्ड पुढे आला की त्याच्या मागे त्याचा मिडफिल्डरही येतो आणि मध्ये जागा होते. आता स्टॉपर जोरात, जमिनीलगत, लांबचा पास आपल्या फॉरवर्डला देतो, जो मागे उतरून आलाय. त्याच्या पाठीला माणूस चिकटलेला आहे, तो वळू शकत नाही. त्याला वळायचंही नाही. तो एका टचमध्ये बॉल मागे मधल्या हाफकडे सोडतो. हाफचं तोंड आता समोरच्या गोलकडे आहे, त्याला झाकणारा फॉरवर्ड मागे पडलाय, आणि आपले दोन्ही विंगर धावायला लागलेत. हिशेबात फक्त दोन पास. पण समोरची एक अख्खी फळी खेळातून बाद. त्याआधीचे वीस कंटाळवाणे पास या दोन पासांसाठी होते.

हा धोका पत्करायला नियमांनीही हातभार लावलाय. १९९२पासून मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास गोलकीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे त्याला पायाने खेळणं शिकावं लागलं. २०१९पासून गोलकिकचा बॉल पेनल्टी एरियाबाहेर जायची अटही गेली. स्टॉपर आता आतच उभा राहून पास घेतो आणि समोरच्याला आपल्याच दारात बोलावतो. फसलं तर थेट गोल. टपरीवर सर्वांत जास्त शिव्या याच चुकीला पडतात, आणि टीम सोडून देत नाही तीही नेमकी हीच चाल.

आता दुसऱ्या पार्टीचा जुना पुरावा. चार्ल्स रीप हा इंग्लंडच्या हवाई दलातला हिशेबनीस. १८ मार्च १९५० रोजी स्विंडनचा सामना बघताना त्याने वही काढली आणि चाली टिपायला सुरुवात केली. पुढे वर्षानुवर्षं टिपत राहिला. त्याचा निष्कर्ष असा की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. मग कशाला जास्त पास? मारा पुढे. इंग्लंडमधल्या लांब बॉलच्या विचाराला या आकड्याने मोठं बळ दिलं. पण त्याच्याच आकड्यांत दुसरी गोष्टही होती. एकूण चालींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त चाली मुळातच तीन किंवा कमी पासांच्या होत्या. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त चालींनी शंभरातले ८० गोल दिले आणि उरलेल्या दहाहून कमी, जास्त पासांच्या लांब चालींनी २०. चालीमागे गोल मोजले तर लांब चालच जास्त फळली. अर्थात यावरून पहिल्या पार्टीने फटाके फोडू नयेत. लांब चाली रचणं चांगल्या टीमनाच जमतं आणि चांगल्या टीम तशाही जास्त गोल मारतात.

बॉल कमी ठेवून जिंकलेल्यांची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. लेस्टर सिटी २०१५-१६मध्ये इंग्लंडची चॅम्पियन झाली तेव्हा त्यांचं सरासरी पझेशन निम्म्याहून बरंच कमी होतं. बॉल काढायला कांटे, पास द्यायला माहरेझ, पळायला वार्डी. नोव्हेंबर २०१२मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकने बार्सिलोनाला २-१ हरवलं ते वीस टक्क्यांहून कमी बॉलवर. आणि दुसऱ्या बाजूला मँचेस्टर सिटी, २०१७-१८: बॉलही सर्वांत जास्त त्यांच्याकडे, गोल १०६, गुण १००. पझेशन आणि आक्रमण ही एकाच दोरीची दोन टोकं असती तर सिटीचा तो हंगाम झालाच नसता. बॉल किती वेळ ठेवायचा हा एक प्रश्न. फट दिसल्यावर किती जण आणि किती वेगाने आत घुसायचे हा दुसरा. टपरीवर हे दोन प्रश्न एकच धरले जातात म्हणून वाद मिटत नाही.

२०२४च्या युरो कपमध्ये स्पेनने हेच दाखवून दिलं. पहिल्याच सामन्यात क्रोएशियाकडे बॉल जास्त होता आणि स्पेन ३-० जिंकला. लामिन यमाल आणि निको विल्यम्स हे दोन विंगर बाजूच्या रेषेला चिकटून उभे राहत, आणि बॉल मिळताच समोरच्यावर सरळ धावून जात. सातही सामने जिंकले, १५ गोल मारले. पासिंग तेच, पण आता त्याला टोक आलं होतं.

राहिला तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: बॉल गेल्यावर काय? पास देत देत दहा जण समोरच्या अर्ध्यात गेलेत आणि बॉल गेला, तर मागे ५० मीटर रान मोकळं. म्हणून कोच ग्वार्डिओलाच्या बार्सिलोनाने बॉल गेल्यागेल्या पहिल्या पाच-सहा सेकंदांत तो परत घ्यायचा सराव केला. कोच क्लॉपच्या टीमनी तर बॉल काढून घेण्यालाच आक्रमणाची सुरुवात मानली. याला प्रेसिंग म्हणतात आणि ते रापणीसारखं असतं. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडल्यावर किनाऱ्यावरची माणसं दोन्ही टोकं बरोबरीने ओढतात. एक बाजू ढिली पडली की मासळी तिथूनच निसटते. तीन जण धावले आणि चौथा उभा राहिला, तर त्या तिघांचं धावणं फुकट तर जातंच, वर त्यांनी सोडलेली जागा समोरच्याला मिळते.

याचं जवळचं उदाहरण एफसी गोवा. सावंतवाडी-कुडाळकडून कोकण रेल्वेने मडगाव गाठून फातोर्ड्याच्या स्टेडियमला जाणाऱ्यांना सांगायला नको. २०१७ ते २०२० या काळात स्पॅनिश कोच सर्जिओ लोबेराने तिथे बॉल ठेवणारं आणि गोलही मारणारं फुटबॉल आणलं. त्यांचा फॉरवर्ड कोरो सलग दोन हंगाम इंडियन सुपर लीगचा सर्वाधिक गोल मारणारा ठरला. २०१९-२०ला गोव्याने लीगमध्ये पहिलं स्थान घेतलं, जरी हंगाम संपायच्या आत लोबेरा गेला होता आणि सूत्रं क्लिफर्ड मिरांडाकडे आली होती. मग उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून पहिला सामना ४-१ हरले, दुसरा ४-२ जिंकले आणि एकूण ६-५ने बाहेर. पुढे झेपावलेल्या टीमच्या मागे किती जागा राहते, ते पहिल्या सामन्यात दिसलं. लोबेरा मुंबई सिटीला गेला, जाहू, बूमूस, फॉल असे गोव्याचे खेळाडूही तिकडे गेले, आणि २०२०-२१मध्ये मुंबईने लीगचं पहिलं स्थान आणि फायनल दोन्ही जिंकलं. फायनल फातोर्ड्यालाच झाली. गोवेकरांच्या आणि आमच्याकडच्या गोवाभक्तांच्या जखमेवर मीठ.

आता जुलैच्या सामन्यांकडे. तिथला पझेशनचा आकडा तर अजिबातच धरू नये. खेळाडू सकाळी कडक सराव करून संध्याकाळी जड पायांनी उतरतात. प्रेसिंगला लागतो तो दम सर्वांत शेवटी येतो, त्यामुळे या दिवसांत समोरचा कुणीच नीट अंगावर येत नाही आणि सगळ्याच टीम बॉल ठेवणाऱ्या वाटतात. हाफटाइमला किंवा तासाभराने अर्धीअधिक टीम बदलते. समोर कधी खालच्या डिव्हिजनची टीम असते. ४-०ने जिंकलेल्या सामन्यावरून "यंदा आपणच" म्हणणारे दरवर्षी असतात, आणि ऑक्टोबरात ते टपरी बदलतात.

तरी पहिली पंचवीस-तीस मिनिटं बघण्यासारखी असतात, कारण कोच काय शिकवतोय ते तेव्हा उघडं दिसतं. गोलकीपरचा पहिला पास जवळ जातो की लांब. बॉल गेल्यावर जवळचे तिघं पुढे झेपावतात की मागे पळतात. दमामुळे पोचले नाहीत तरी पहिलं पाऊल कुठे पडलं ते बघा. बॉल बाजूबाजूला फिरत असताना बचावफळीच्या पाठीमागे कुणी तरी धाव घेतोय का. पास मिळाला नाही तरी चालेल, पण त्या धावेमुळेच समोरची रांग मागे सरकते आणि मिडफिल्डला श्वास मिळतो. आणि आपला बॉल डावीकडे असताना राइट बॅक कुठे उभा आहे. तो मैदानाच्या मध्याकडे सरकून स्टॉपरांच्या पुढे आला असेल, तर कोचला बॉल गेल्यावर मधली वाट अडवायची आहे. तो पार पुढे विंगला गेला असेल, तर जुन्या फॉरवर्डची पार्टी यंदा खूश राहील, आणि दोन्ही स्टॉपरांचे हाल.

हा शेवटचा राइट बॅक टीव्हीवर फारसा दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो. तो बघायला मैदानावरच जावं लागतं. फातोर्ड्याला गेलात तर गोलच्या मागे आणि जमेल तेवढं वर बसा, तिथून दोन्ही फळ्यांमधलं अंतर सरळ दिसतं. सामना रात्रीचा असेल तर मडगावहून परतीची गाडी आधी बघून ठेवा.